सिकलसेल, झिंक आणि मुलांची खुंटलेली उंची

वय एकवीस, पण दिसायला दहा वर्षांचा मुलगा. इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद यांनी हा रुग्ण तपासला, तेव्हा १९५० चं दशक संपत आलं होतं. प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. त्या तरुणाचं पोट भरायचं ते बिनआंबवलेल्या रोटीवर, शिवाय माती खायची सवय. धान्यातलं फायटेट झिंकला, म्हणजे जस्ताला, धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. पुढे इजिप्तमध्ये अशाच खुज्या मुलांच्या रक्तात झिंक कमी असल्याचं त्यांनी १९६३ मध्ये दाखवलं. झिंक दिल्यावर ती मुलं वाढू लागली.

प्रसाद नंतर डेट्रॉईटला गेले. सिकलसेल हा आनुवंशिक आजार, त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. तिथे १९७५ मध्ये त्याच्या रुग्णांत त्यांना तेच आढळलं: रक्तात आणि केसांत झिंक कमी, लघवीत मात्र जास्त. तांबड्या पेशीत झिंक भरपूर असतं. निरोगी पेशी १२० दिवस टिकते, विळ्यासारखी वाकलेली १०-२० दिवसांत फुटते. मूत्रपिंडालाही इजा झालेली असते, म्हणून लघवी पातळ आणि वारंवार होते, अन् तिच्यावाटे झिंकही जातं. अंथरूण ओलं केलं म्हणून अशा मुलाला रागावू नये, ते बिचारं आजाराने हतबल असतं.

फिलाडेल्फियातल्या सिकलसेल असलेल्या ४ ते १० वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज १० मिलिग्रॅम झिंक दिलं, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. झिंक नसलेलं नुसतं सिरप मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची उंची सुमारे ०.६६ सेंटिमीटर जास्त वाढली. आकडा छोटा आहे, पण वाढत्या वयात दरवर्षी मागे पडत गेलेलं अंतर नंतर भरून निघणं अवघड असतं.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत दिसला, मग त्याच दशकात नागपुरातही. विदर्भात आजही ‘रक्त कमी’ म्हटलं की लोहाची गोळी आठवते. इथे जपायला हवं. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं आणि बाहेरून रक्त चढवलं की आणखी साठतं. म्हणून तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय लोह देऊ नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा भर ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या रक्ततपासणीवर आहे. त्याच वेळी मुलाची उंची-वजनही नोंदवावं, असं मला मनापासून वाटतं. आहाराचं म्हणाल तर ज्वारीच्या भाकरीतही झिंक अडवणारं फायटेट असतंच. आंबिलीत आणि मोड आलेल्या मटकीत ते बरंच कमी होतं.