ल्यूना प्रयोग

इटलीतील ग्रान सास्सो पर्वताच्या पोटात, सुमारे १,४०० मीटर खडकाखाली चालणारा अणुकेंद्रीय खगोलभौतिकीचा प्रयोग. तारे आणि आद्य विश्व यांमध्ये ज्या अल्प ऊर्जेला अणुकेंद्रीय विक्रिया घडतात, शक्यतो त्याच ऊर्जेला त्या घडवून त्यांचा दर थेट मोजणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. लाक्विला आणि तेरामो यांना जोडणाऱ्या महामार्गाच्या बोगद्यालगत इटलीच्या राष्ट्रीय अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेची जी प्रयोगशाळा आहे, तिथे १९९० च्या दशकाच्या आरंभापासून हे काम चालू आहे.

विक्रियेत भाग घेणारी दोन्ही अणुकेंद्रे धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. कमी ऊर्जेच्या अणुकेंद्रांना हा अडथळा ओलांडता येत नाही. पुंजयामिकीच्या नियमांमुळे एखादीच जोडी त्यातून आरपार जाते. ऊर्जा उतरेल तशी ही शक्यता घातांकी गतीने घसरते. म्हणून पूर्वी जास्त ऊर्जेला मापन करून आलेख खालच्या बाजूला वाढवत नेत. खाली एखादे अनुस्पंदन, म्हणजे विशिष्ट ऊर्जेला विक्रियेचा दर एकाएकी वाढणे, दडलेले असले, तर असा अंदाज साफ चुकतो. सूर्याकडून अपेक्षेपेक्षा कमी न्यूट्रिनो (विक्रियांत निघणारे, द्रव्यातून सहज आरपार जाणारे कण) का येतात, याचे उत्तर दोन हीलियम-३ केंद्रांच्या विक्रियेतील अशाच अनुस्पंदनात असेल, अशी एक शंका होती. ल्यूनाने ५० किलोव्होल्टच्या छोट्या कणवेगवर्धकाने १६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, म्हणजे थेट सूर्यगर्भातील ऊर्जेपर्यंत उतरून पाहिले. सर्वांत खालच्या टप्प्यावर महिन्याला जेमतेम दोन घटना नोंदल्या जात. अनुस्पंदन सापडले नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ती शंका मिटली.

इतक्या विरळ घटना जमिनीवर मोजता येत नाहीत, कारण अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे अभिज्ञातकात, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणात, सतत नोंदी होत राहतात. ग्रान सास्सोच्या खडकामुळे विश्वकिरणांतून येणाऱ्या म्यूऑन या भेदक कणांचा मारा सुमारे दहा लाख पटींनी घटतो. खडकातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे गॅमा किरण उरतात, पण त्यांची ऊर्जा बहुतांशी ३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत असते आणि त्यांना शिसे व तांब्याच्या थरांनी अडवता येते.

ड्यूटेरियमच्या (एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनच्या) विक्रियेच्या मापनाला या शांततेचा मोठा फायदा झाला. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत प्रोटॉन व न्यूट्रॉन जुळून ड्यूटेरियम बनले आणि त्यातले बरेचसे पुढे हीलियमकडे वळले. ड्यूटेरियम आणि प्रोटॉन यांच्यापासून हीलियम-३ व गॅमा किरण निर्माण करणारी विक्रिया त्यातली एक महत्त्वाची पायरी. तिचा दर जितका जास्त, तितके मागे उरलेले ड्यूटेरियम कमी. दूरच्या क्वेसारांच्या (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांच्या) प्रकाशात दिसणाऱ्या वायुमेघांवरून हे उरलेले प्रमाण एक लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे अडीच इतके निघते, आणि त्यातील अनिश्चितता जेमतेम एका टक्क्याच्या आसपास आहे. विक्रियेच्या आधीच्या मापनांत मात्र सुमारे ९ टक्के अनिश्चितता होती. आकाशातले मोजमाप प्रयोगशाळेतल्या मोजमापापेक्षा अचूक असावे, ही स्थिती फार काळ चालणारी नव्हती.

ल्यूनाने ४०० किलोव्होल्टच्या वेगवर्धकातील प्रोटॉन मध्ये पातळ पडद्याची खिडकीही न ठेवता विरळ ड्यूटेरियम वायूवर सोडले. निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा ५.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा अधिक, म्हणजे खडकाच्या किरणोत्साराच्या बरीच वर. ३२ ते २६३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातील अनिश्चितता ३ टक्क्यांखाली आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मापनावरून काढलेली सामान्य द्रव्याची वैश्विक घनता प्लँक उपग्रहाने सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीवरून, म्हणजे आद्य विश्वातून उरलेल्या प्रारणावरून, काढलेल्या घनतेशी जुळली. एक हिशेब पहिल्या काही मिनिटांचा, दुसरा सुमारे ३,८०,००० वर्षांनंतरच्या प्रकाशाचा. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा येणे हा महास्फोट सिद्धांताच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

लिथियमचे कोडे मात्र सुटलेले नाही. जुन्या ताऱ्यांत लिथियम-७ सिद्धांताने वर्तवलेल्या प्रमाणाच्या सुमारे एक तृतीयांशच आढळते. ते निर्माण करणारी हीलियम-३ व हीलियम-४ यांची विक्रिया ल्यूनासह अनेक गटांनी मोजली असून, चूक तिथे असण्याची शक्यता जवळपास संपली आहे. लिथियम-६ देणारी विक्रियाही ल्यूनाने आद्य विश्वाच्या ऊर्जेला थेट मोजली.

आता ड्यूटेरियमच्या गणनेतील सर्वांत मोठी अनिश्चितता दोन ड्यूटेरियम केंद्रांच्या परस्पर विक्रियांमधून येते. एका शाखेत हीलियम-३ व न्यूट्रॉन निघतात, दुसरीत ट्रिटियम (दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) व प्रोटॉन. यांच्या दरांची निवड बदलली की काही गणनांत प्लँकशी किंचित विसंगती दिसते, काहींत दिसत नाही. त्यामुळे या दोन शाखांचे टक्क्याच्या अचूकतेचे मापन ही या क्षेत्राची सध्याची निकड आहे.