बिलातलं सेवा शुल्क : वाद कुठून सुरू झाला, कुठे पोचला

हॉटेलात नीट सेवा मिळाली म्हणून वरचे पैसे द्यायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. उडप्याकडे बडीशेपेच्या बशीतून बिल यायचं, सुटे पैसे बशीतच ठेवले जायचे आणि ते वेटरचे असायचे. मोठ्या हॉटेलांनी मात्र ही रक्कम ‘सेवा शुल्क’ म्हणून बिलातच जोडायला फार पूर्वी सुरुवात केली होती. जयपूरच्या एका हॉटेलातल्या कामगारांचा असाच वाद १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. हा पैसा मालकाच्या उत्पन्नाचा भाग नसून कामगारांचा आहे, असं तेव्हा न्यायालयाने म्हटलं. पुढच्या सगळ्या भांडणात हाच मुद्दा मागे पडत गेला, म्हणून तो आधीच नोंदवतो.

गोंधळ वाढला तो २०११ नंतर. त्या वर्षी मद्यपरवाना असलेल्या वातानुकूलित रेस्टॉरंटांवर सेवा कर लागला. २०१३ मध्ये परवान्याची अट गेली आणि जवळपास सगळीच वातानुकूलित हॉटेलं त्यात आली. बिलाच्या तळाशी सेवा कर आणि सेवा शुल्क एकाखाली एक छापले जाऊ लागले. एक सरकारजमा होत होता, दुसरं हॉटेलच्या गल्ल्यात, पण दोन्ही सरकारीच समजून लोक मुकाट्याने भरत राहिले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, सेवा कर संपला. सेवा शुल्क मात्र राहिलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. ग्राहक ऑर्डर देतो तेव्हा तो मेनूकार्डावरचे दर आणि कर एवढंच मान्य करतो, असं त्यांत स्पष्ट होतं. सेवा शुल्काचा रकाना कोरा सोडावा आणि आकडा ग्राहकाने भरावा, असंही सुचवलं होतं. कोरा रकाना असलेलं बिल किती जणांनी पाहिलं असेल? सूचना मोडली तर पुढे काय, याचं उत्तर नसल्याने ती कागदावरच राहिली.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण हे स्वतंत्र प्राधिकरण उभं राहिलं, आणि खरा झगडा ४ जुलै २०२२ ला सुरू झाला. प्राधिकरणाने सांगितलं, की सेवा शुल्क आपोआप जोडायचं नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करायचं नाही, ते नाकारणाऱ्याला प्रवेश नाकारायचा नाही आणि बिलात जोडून त्यावर जीएसटी लावायचा नाही. शेवटची अट किरकोळ वाटते, पण दोन हजारांच्या बिलावर १० टक्के शुल्क लागलं की ५ टक्के जीएसटी २,२०० वर बसतो. २,१०० च्या जागी २,३१० द्यावे लागतात. न केलेल्या खरेदीवरचा हा कर आहे.

हॉटेलमालकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अवघ्या १६ दिवसांत, २० जुलैला, स्थगिती मिळाली. शुल्क मेनूवर ठळक लिहायचं आणि पार्सलवर घ्यायचं नाही, एवढीच अट होती. स्थगिती म्हणजे वसुलीला न्यायालयाची मान्यता, असा समज ग्राहकांमध्ये पसरला, आणि असं भासवू नका हे २०२३ मध्ये न्यायालयालाच सांगावं लागलं. त्याच वर्षी एका संघटनेला ‘कर्मचारी योगदान’ असं नाव वापरायला आणि १० टक्क्यांची मर्यादा पाळायला सांगण्यात आलं. नाव बदलल्याने सक्ती गेली नाही.

२८ मार्च २०२५ ला निकाल लागला. प्राधिकरणाच्या सूचना वैध ठरल्या, दोन्ही याचिका फेटाळल्या गेल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगण्यात आलं. स्वखुशीने काही देण्यावर बंदी नाही, सक्तीवर आहे. महिन्याभरात दिल्लीतल्या पाच रेस्टॉरंटना घेतलेलं शुल्क परत करण्याच्या नोटिसा गेल्या. माझ्या मते हा निकाल योग्यच आहे. वेटरने ताट आपटलं तरी १० टक्के आणि मन लावून वाढलं तरी १० टक्के, अशा रकमेचा सेवेशी संबंध उरत नाही.

मालकांचा युक्तिवाद असा, की हे पैसे कर्मचाऱ्यांत वाटले जातात, स्वयंपाकघरातल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचतात. तसं होत असेल तर ते चांगलंच आहे. पण किती आणि कसे वाटले, हे बिल भरणाऱ्याला दिसत नाही. पगारासाठी पैसे हवे असतील तर पदार्थांचे दर वाढवायला त्यांना कोणी अडवलेलं नाही.

निकालाविरुद्ध अपील झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली, तेव्हा पाण्याच्या बाटलीला छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे घेताना त्यात वातावरणाचा आणि सेवेचा खर्च धरलेला असतो, मग सेवा शुल्क वेगळं कशासाठी, असं न्यायालयाने मालकांच्या बाजूला विचारलं. बिलात असं शुल्क आपोआप लागलेलं दिसलं, तर ते काढायला सांगता येतं. काढलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.