डोंगरातल्या शिकारीसाठी टार्प निवडताना

डोंगरात शिकारीला निघालेल्या माणसाचं ओझं परतीच्या वाटेवर वाढतं. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर एल्क (तिथलं मोठं हरीण) सुमारे 300 किलोचा असतो. हाडं काढून टाकली तरी शंभरेक किलो मांस उरतं आणि ते पाठीवरून तीन-चार खेपांत खाली न्यावं लागतं. अशा वेळी अडीच किलोचा तंबू अंगावर येतो. म्हणून बरेच शिकारी तंबू घरी ठेवून हलक्या टार्पखाली, म्हणजे दोरीने ताणून बांधायच्या जलरोधक कापडाखाली, पाल ठोकतात. 3 मीटर लांब-रुंद सिलिकॉन-नायलॉनचा टार्प साधारण अर्ध्या किलोत बसतो. शिवाय पावसात त्याच्याखाली मांस सोलता-कापता येतं, उन्हात त्यावर सावली धरता येते. अस्वलांच्या मुलखात मात्र मांस झोपण्याच्या जागेपासून निदान शंभर मीटर लांब टांगायचं.

टार्प घेताना सगळे आधी वजन विचारतात. माझ्या मते ते शेवटी विचारावं. टार्पला ना भिंती, ना जमीन. कोरडं राहायचं की भिजायचं हे वारा आणि हवेतला ओलावा ठरवतात. त्यामुळे कापड ओलं झाल्यावर कसं वागतं, हा पहिला प्रश्न.

नायलॉनच्या लांबलचक रेणूंमध्ये पाण्याला धरून ठेवणारे गट ठरावीक अंतरावर असतात. पाण्याचे रेणू तिथे शिरले की शेजारच्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल होते आणि धागा लांबतो. पूर्ण ओलावलेलं नायलॉन स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी पिऊ शकतं. वर सिलिकॉनचा लेप असला तरी ओलावा आत पोचतोच. संध्याकाळी खणखणीत ताणलेला टार्प मध्यरात्री पोटाशी लोंबायला लागतो तो यामुळे. खोलगट भागात पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने खोलगा वाढतो, आणि झोपेतून उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील पाणी घेत नाही, म्हणून ते रात्रभर जवळपास तसंच ताठ राहतं. तेवढ्याच जाडीचं नायलॉन फाटायला अधिक चिवट असतं हे खरं, पण सलग पावसाच्या मुलखात जायचं असेल तर मी पॉलिएस्टर घेईन.

तिसरा पर्याय डायनिमाच्या कापडाचा. अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलिनचे तंतू दोन पातळ पॉलिएस्टर पापुद्र्यांमध्ये दाबून हे बनवतात. मुळात ते शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी तयार झालं. वजन नायलॉनच्या निम्म्याच्या आसपास, पाणी शोषणं जवळजवळ शून्य, ताण देऊनही फारसं लांबत नाही. हे न लांबणंच कधी अडचणीचं ठरतं, कारण वाऱ्याचा झटका कापडात न जिरता थेट खुंटीवर जातो. हे तंतू 150 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात, म्हणून शेकोटीची ठिणगी त्याला सोसत नाही. काटेरी झुडपं आणि टोकदार शिंगं यांच्या संगतीत ते लवकर भोकं धरतं, आणि किंमतही बरीच जास्त.

जलरोधकतेचे आकडे पाहून मात्र फार बिचकू नये. 1500 मिलिमीटर म्हणजे कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. तंबूच्या जमिनीला याहून जास्त लागतं, कारण ओल्या मातीवर गुडघा टेकला की दाब खूप वाढतो. डोक्यावर उतरत्या बांधलेल्या टार्पला एवढं पुरतं.

आता वारा. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात सरळ उभ्या कापडावर दर चौरस मीटरला साधारण 6 किलो भार येतो, ताशी 72 ला 25 किलो. 9 चौरस मीटरचा टार्प वाऱ्याला आडवा उभा धरला तर सव्वादोनशे किलोंचा भार! तो पेलणाऱ्या खुंट्या कुणी पाठीवर नेत नाही. उपाय एकच, वाऱ्याकडची कड थेट जमिनीला टेकवायची आणि आढं खाली आणायचं. कडा आत वळवून कापलेले टार्प कमी फडफडतात, पण ते एकाच ठरलेल्या आकारात नीट बसतात. शिकारीत जागा आपण निवडतो तशीच सावजही निवडतं, म्हणून मला साधा चौकोनी आणि कडेला भरपूर फासे असलेला टार्प पसंत आहे.

आढ्याची दोरी कमालीची ताठ ओढायचा मोह होतो. कपडे वाळत घालायच्या दोरीचं गणित इथेही लागू पडतं. मधोमध लटकलेल्या वजनामुळे दोरी दोन्ही बाजूंना 30 अंशांनी खाली आली तर तिच्यातला ताण त्या वजनाइतकाच असतो. 5 अंशांनीच आली तर तो साडेपाचपटीहून जास्त होतो. थोडा झोळ राहू द्यावा.

निरभ्र रात्री टार्प आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग आतल्या बाजूला दव धरतं. झाडाच्या छत्राखाली ही उष्णता फांद्या काही अंशी परत देतात, म्हणून तिथे दव कमी. मात्र वर वाळकी फांदी नाही ना, हे आधी पाहावं. रात्री थंड, जड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. ओढ्याकाठची सपाटी म्हणूनच सगळ्यात गार आणि दमट असते. थोडं वर, उताराच्या पायरीवर मुक्काम जास्त उबदार. शिकाऱ्याला हा वारा ओळखीचाच आहे, कारण तोच माणसाचा वास खाली नेतो. कुरणाच्या अगदी वर पाल ठोकलं तर सकाळपर्यंत सगळ्या कळपाला वारा लागलेला असतो.

रंगाबद्दलही हेच. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्यांवरचं संशोधन 1994 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार या हरणांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्या आणि एक हिरव्या प्रकाशाला संवेदनशील. लाल-नारिंगी त्यांना मंद दिसतो, निळा मात्र ठळक. म्हणजे निळी ताडपत्री हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि इतर शिकाऱ्यांना आपण दिसावं म्हणून टांगलेलं नारिंगी कापड वाटतं तितकं धोक्याचं नाही.

टार्प चारही बाजूंनी बंद करून आत चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

सिलिकॉनच्या कापडाची शिवण सुईच्या भोकांतून गळते आणि त्यावर नेहमीची चिकटपट्टी बसत नाही. सिलिकॉनचाच सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, ब्रशने शिवणीवर चोळावा लागतो आणि रात्रभर वाळू द्यावा लागतो, तेव्हा हे काम निघायच्या दिवसावर ठेवू नये.