लिस्बनचा 'तू' आणि आपला तू

चावी, बटाटा, पगार, घमेलं हे शब्द मराठीनं पोर्तुगिजांकडून घेतले. 'तू' घेतला नाही, तरी लिस्बनमधला माणूस मित्राला 'तू'च म्हणतो. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, आणि हे सर्वनाम दोघींनी आपापल्या वाटेनं हजारो वर्षं जपलंय. वस्तूंची नावं व्यापारासोबत सहज प्रवास करतात. सर्वनामं एका भाषेतून दुसरीत क्वचितच जातात.

म्हणून पोर्तुगीज सर्वनामं ओळखायला मराठी माणसानं इंग्रजीचा आधार घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. स्वामित्वदर्शक सर्वनामच बघा. 'मेउ लिव्रु' म्हणजे माझं पुस्तक आणि 'मीन्य काझ' म्हणजे माझं घर. पोर्तुगीजमध्ये पुस्तक पुल्लिंगी, घर स्त्रीलिंगी. बोलणारा पुरुष की बाई, याचा काही संबंध नाही. 'माझा सदरा, माझी वही' म्हणणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दर्शक सर्वनामांत मात्र आपल्याकडे 'हा' आणि 'तो' असे दोनच, त्यांच्याकडे तीन: माझ्याजवळचा 'एश्त', तुझ्याजवळचा 'एस' आणि दोघांपासून लांबचा 'अकेल'.

खरी गंमत एकाच रूपाच्या दोन शब्दांत आहे. 'क' हा शब्द घ्या. 'उ लिव्रु क ली' म्हणजे 'जे पुस्तक मी वाचलं ते', आणि 'सेइ क ए तार्द' म्हणजे 'मला माहीत आहे की उशीर झालाय'. मराठी करताना 'जो-जी-जे' आलं तर ते संबंधी सर्वनाम, 'की' आलं तर उभयान्वयी अव्यय. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असल्यामुळे ही कसोटी आयतीच हाताशी आहे.

'उ'चंही तसंच. 'वेझु उ मिनीनु' म्हणजे 'मी मुलाला बघतो'. इथे 'उ' नामाच्या आधी येणारं उपपद आहे. 'वेझु-उ' म्हणजे 'मी त्याला बघतो'; इथे तो क्रियापदाला चिकटलाय, म्हणजे सर्वनाम. 'वेर' म्हणजे बघणं. त्याला हा 'उ' जोडला की 'वेलु' होतं: 'र' गळतो आणि लॅटिनमधल्या मूळ सर्वनामातला 'ल' पुन्हा डोकं वर काढतो. संधी शिकलेल्यांना यात नवल वाटू नये.

'तुम्ही'साठी 'वोसे' आहे, आणि त्याच्यासोबत क्रियापद तृतीयपुरुषी का येतं, हे कोडं अनेकांना छळतं. एके काळी राजाला 'व्हॉस मर्से' म्हणत, म्हणजे 'आपली कृपा'. 'आपली कृपा काय म्हणते?' असं विचारलं की क्रियापद कृपेचं येणार. शब्द झिजत झिजत 'वोसे' झाला, राजाकडून सामान्यांकडे आला, पण क्रियापद तेच राहिलं. ब्राझीलमध्ये बऱ्याच भागांत आता मित्रालाही 'वोसे'च म्हणतात. पोर्तुगालमध्ये तो अनोळखी माणसाला थोडा खटकू शकतो, म्हणून लोक सर्वनामच टाळतात आणि समोरच्या बाईंना विचारतात, 'बाई कॉफी घेणार का?' आपण शेजारच्या काकूंना अगदी असंच विचारतो: 'काकू चहा घेणार का?'