मधल्या माणसाचे पैसे कोण देतं?

मे महिन्याच्या सहलीचं ठरायला लागलं की घरात एक वाद हमखास होतो. वडील म्हणतात, "नेहमीच्या एजंटाला फोन लाव." मुलगी मोबाइल पुढे करते, "बाबा, हे बघा भाडं. त्याला उगाच पैसे कशाला द्यायचे?" आपापल्या काळापुरतं दोघांचंही बरोबर आहे. वडिलांच्या उमेदीत विमानाचं तिकीट एजंटाकडून घेतलं काय किंवा कंपनीच्या ऑफिसातून घेतलं काय, साधारण तेवढेच पैसे पडायचे. एजंट जगायचा कंपनीच्या कमिशनवर. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा फुकटच धावपळ करतो.

त्याआधी आपला प्रवास म्हणजे मुख्यतः यात्रा, आणि यात्रेतला मधला माणूस म्हणजे पंडा किंवा तीर्थोपाध्याय. त्र्यंबकेश्वर, काशी, गया, कुठेही उतरलात की पहिला प्रश्न, "मूळ गाव कोणतं? आडनाव?" मग वहीतून पणजोबांची सही निघायची आणि तुम्ही कोणाचे यजमान हे ठरायचं. उतरायची जागा, विधी, जेवण सगळं तो बघायचा आणि दक्षिणा तुमच्याकडूनच घ्यायचा. घासाघीस व्हायची, पण पैसे कोण कोणाला देतंय हे उघड होतं.

ही मांडणी बदलली ती आगगाडीने. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक याने दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लफबरोला नेली, माणशी एक शिलिंग. रेल्वेला भरलेले डबे हवे होते आणि माणसं गोळा करणारा हवा होता. पुढे धंदा याच तत्त्वावर वाढला: गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला वाहतूक कंपनीने वाटा द्यायचा. १८८१ मध्ये कुकच्या कंपनीचं मुंबईत ऑफिस उघडलं.

मुंबईतलं तिचं एक काम आज फारसं कोणाच्या लक्षात नाही. हजला जाणारे यात्रेकरू तेव्हा मुंबई बंदरातून जिद्दाला जात आणि दलाल त्यांना अक्षरशः लुटत. तिकिटाचे पैसे घेतलेले, बोटीचा पत्ता नाही, माणसं बंदराजवळ पडून. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हा प्रवास कुकच्या कंपनीकडे सोपवला. गावाजवळच्या स्टेशनापासून बोटीपर्यंत एकच व्यवस्था, असा बेत होता. कंपनीला तो परवडला नाही आणि १८९० च्या दशकात तिने हे काम सोडलं. दलालांना हटवायला सरकारने एक मोठा एजंट आणला, ही गंमत मला फार आजची वाटते.

स्वातंत्र्यानंतर परदेशप्रवासात एजंट लागायचा तो स्वस्त तिकिटासाठी नाही, कागदांसाठी. परकीय चलनाची एवढी चणचण की १९६० च्या दशकात बाहेर जाणाऱ्याच्या हातात आठ डॉलर टेकवत. तिकीट काढण्याआधी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर व्हावा लागे. आज वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे तो काळ समजावून सांगणंही अवघड आहे. ज्याला कोणती खिडकी कधी उघडते आणि कोणता साहेब कोणत्या टेबलावर बसतो हे ठाऊक, तो एजंट.

देशात रेल्वेचंही तसंच. आरक्षण संगणकावर आलं ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी जाडजूड रजिस्टरं, गाडीनुसार वेगळी खिडकी आणि परतीच्या आरक्षणासाठी तार. आमच्याकडे काका आदल्या रात्री चादर घेऊन स्टेशनावर जायचे आणि पहाटे आतेभाऊ त्यांना 'सोडवायला' जायचा. रांगेत उभं राहायला माणूस नसेल, तर एजंटाला वरचे वीस-पंचवीस रुपये द्यायचे.

याच काळात मराठी घरांना सहल कंपनी भेटली. यात्रा कंपन्या आधीपासून होत्याच: बस, सोबत आचारी, भांडी, शिधा, आणि पहाटे धर्मशाळेच्या अंगणात चहा. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये 'केसरी' सुरू केली आणि त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड'. या कंपन्यांचा माल तिकीट कधीच नव्हता. रात्री परक्या गावात वरण-भात मिळेल, आजारी पडलो तर टूर मॅनेजर आहे, बायका एकट्या आल्या तरी घरच्यांना घोर नाही, हा माल होता. म्हणून इंटरनेट आल्यावर विमान तिकिटं विकणारी कोपऱ्यावरची दुकानं कोसळली, पण यांचे पेपरातले पानभर तक्ते चालूच राहिले.

दुकानं मात्र खरंच कोसळली. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेच्याच आयआरसीटीसी या कंपनीने रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर विकायला काढली. सुरुवातीला तिकीट कुरिअरने घरी यायचं. २००३ मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी आली आणि तिने स्वतःच्या संकेतस्थळावर, फोनवर, एवढंच काय पेट्रोल पंपांवरही तिकिटं विकली. मग मेकमायट्रिपसारखी संकेतस्थळं. जुन्या विमान कंपन्यांनी हिशेब मांडला: गिऱ्हाईक स्वतःच येतंय, तर आणून देणाऱ्याला वाटा कशाला? कमिशन नऊवरून सात, सातवरून पाच टक्के होत आलंच होतं. २००८ च्या शेवटी बहुतेक कंपन्यांनी ते शून्यावर आणलं. त्याच वर्षी १ जूनपासून लाल कार्बनचं कागदी तिकीट जगभर बंद झालं होतं. एजंटांनी बहिष्कार घातले, वाद न्यायालयात गेला. पण पूर्वी कंपनी देत होती ते पैसे आता गिऱ्हाइकाकडेच मागावे लागले, 'सर्व्हिस चार्ज' या नावाने. मुलीचा प्रश्न तिथून जन्माला आला.

स्वतः काढलेल्या तिकिटातही मधला माणूस असतोच, फक्त तो चहा पाजत नाही. आयआरसीटीसी दर तिकिटामागे सुविधा शुल्क घेते. नोटाबंदीनंतर ते माफ होतं, सप्टेंबर २०१९ पासून परत आलं. हॉटेल बुकिंगची ॲप हॉटेलकडून कमिशन घेतात, म्हणजे कुकचीच जुनी रीत. उलट परदेशी सहलीचं पॅकेज कंपनीकडून घेतलं की ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल करायचा कर, कापला जातो. तो आयकरात वळता होतो, पण आधी रक्कम भरावी लागतेच.

पैसे अडकतात तेव्हा खरा फरक कळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तिथल्या सरकारी यंत्रणेने घरी आणलं. (भारतातली त्या नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळी होती.) त्याच वर्षी १७५८ पासूनचं नाव सांगणारी आपली सहल कंपनी कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आपल्याकडे टूर ऑपरेटरने पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणंसुद्धा ऐच्छिक आहे. मार्च २०२० मध्ये आमच्या घरातल्या दोघांचे हिमाचलचे पैसे एका छोट्या कंपनीकडे राहिले. हाती आली ती 'क्रेडिट नोट', म्हणजे पैशांऐवजी पुढच्या सहलीचं आश्वासन. पण मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या विमान कंपनीची उड्डाणं थांबली तेव्हा स्वतः तिकीट काढणारेही तसेच लटकले. त्यांना तर ओरडायलाही समोर कोणी नव्हतं.

जुलै २०२५ पासून तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत एजंटांना तिकीट काढता येत नाही, आणि ऑनलाइन तत्काळला आधार लागतं. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी आपल्या गाडीचं आरक्षण उघडायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवलेली असते. त्या सकाळी आठला पाच मिनिटं असताना आमच्या इमारतीतला एक भाचा दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसतो. अख्ख्या वाडीची नावं, वयं, खालचा बर्थ कोणाला हवा, सगळं त्याच्याकडे लिहून ठेवलेलं. आधार जोडलेल्या खात्याला महिन्याला २४ तिकिटांची मर्यादा, म्हणून बहिणीचं खातंही उघडं. आठ वाजून दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून मावशी विचारते, "झालं का रे?" तो वर न बघता म्हणतो, "वेटिंग एकशे बारा."