आज्ञा कोणाची? केडगावच्या ‘मुक्ती’मागची गोष्ट

नवं वर्ष लागलं की मराठी ख्रिस्ती घरांत भिंतीवर एक वचन हमखास दिसतं : ‘खंबीर हो, हिंमत धर.’ बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातलं, पहिल्या अध्यायाचं नववं वचन. कॅलेंडरवर जागा थोडी, म्हणून त्याच्या आधीचा तुकडा बहुधा गळतो : ‘मी तुला आज्ञा केली ना?’ इस्राएल लोकांचा पुढारी मोशे वारलाय, समोर यार्देन नदी, पलीकडे तटबंदीची गावं, आणि यहोशवाला हिंमत धरायचा हुकूम होतो. आधी भीती जाऊ दे, मग नदी ओलांड, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

महाराष्ट्रात हे वचन कोणी जगून दाखवलं असं विचारलं, तर मंडळीतली जुनी माणसं पुण्याजवळच्या केडगावकडे बोट दाखवतात. पंडिता रमाबाई आणि निराधार बायका-मुलींसाठीचं त्यांचं मुक्ती मिशन. पण ‘रमाबाईंनी देवाची आज्ञा पाळली’ या एका वाक्यात त्यांचं आयुष्य गुंडाळलं की खरी गंमत निसटते. आज्ञा नेमकी कोणाची पाळायची, यावर त्या जन्मभर भांडल्या. आणि पुष्कळदा ख्रिस्ती लोकांशीच.

१८५८ साली जन्मलेली ही अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. वडिलांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत फिरलं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी भटकत रमाबाई कलकत्त्याला पोचल्या. तिथे १८७८ मध्ये विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. पुढे भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये पतीही गेले. कडेवर मुलगी मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. तिथल्या वाँटेज गावी मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथून चित्र गुंतागुंतीचं होतं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा अशी की नव्या शिष्येने चर्चचं म्हणणं मुकाट्याने मानावं. रमाबाई मात्र अंडं पडतं म्हणून पुडिंगला हात लावत नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत, हा त्यांचा हट्ट. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने जे कधी अडवलं नाही ते इंग्रज लोक अडवतात, याचं नवल वाटतं, असं रमाबाईंनी कळवलं. १८८५ च्या एका पत्रात तर त्यांनी स्पष्टच लिहिलं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जू चढवून घ्यायची तयारी नाही. देवाची आज्ञा वेगळी, धर्माधिकाऱ्याचा हुकूम वेगळा. हा फरक त्यांना बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांत इतका लख्ख दिसत होता. आपल्याकडे आजही ‘आज्ञाधारक’ हा शब्द मुलं आणि सुना सोडून फारसा कोणाला लागत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अमेरिकेत जाऊन त्यांनी पैसा उभा केला. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदतीची हमी दिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. शिकवणीत धर्म आणायचा नाही, हे ठरलेलं होतं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती.

मग आला दाराचा प्रश्न. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमाबरोबर प्रार्थना करत, दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात आरडाओरडा झाला, ‘केसरी’ने झोडपलं. दार लावून घ्या, एवढंच सुचवलं जात होतं. त्यांनी लावलं नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांची बाजू लंगडी होती असं मला वाटत नाही. ज्या घरांनी विधवा मुलगी पाठवण्याचं धाडस केलं, त्यांना या सुधारकांनी शब्द दिला होता. पण आपल्याच खोलीत चोरून देवाचं नाव घ्यायचं, हे रमाबाईंना जमणारं नव्हतं.

या सगळ्या काळात त्यांच्या मनात आणखी एक उलथापालथ चालू होती. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, म्हटलं आहे. तो १८९१ च्या सुमारास मिळाला. नंतर ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमधले मिशनरी हडसन टेलर यांची चरित्रं हाती पडली. कोणापुढे हात न पसरता, देवावर भिस्त ठेवून या लोकांनी संस्था चालवल्या होत्या. असं काम हिंदुस्थानात कोणी का करत नाही, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्याने करावं असं म्हणत बसणं सोपं, तूच का सुरू करत नाहीस, हे उत्तर आतून आलं.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती शिबिर होतं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या १५ मुलींना घेऊन गेल्या. पहाटे रानात एकट्या बसून त्यांनी देवाकडे मागितलं ते गणितातच : या १५ चा वर्ग कर. म्हणजे २२५. सदनात तेव्हा इतक्यांना जागाही नव्हती.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अंगात बळ नाही, गाठीला पैसा नाही, अशी त्यांची अवस्था होती. शिवाय दुष्काळ त्यांना पुस्तकातून माहीत नव्हता. आईवडील त्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी गेले होते. जायला नको वाटावं, याला यापेक्षा मोठं कारण कुठलं? त्या गेल्या. सरकारी अनाथगृहांतून, रस्त्यांवरून मुली आणल्या. तोवर पुण्यात प्लेग, म्हणून शहरात मुलींना ठेवायला मनाई झाली. बॉस्टनची मदत संपल्यावर फळबागेवर सदन चालावं म्हणून पुण्याहून सुमारे ५५ किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू पडले, गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुली तीनशेच्या घरात गेल्या. हीच ‘मुक्ती’.

प्लेगच्या इस्पितळांत बायकांचे जे हाल होत होते, त्यावर १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, ते गव्हर्नरला झोंबलं. म्हणजे बिशप झाले, पुण्याचे पुढारी झाले, आता सरकारही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, छापखाना. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत. १९०५ मध्ये प्रार्थनासभांतून संजीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची, लाट उठली, तिच्यावर जगभर लिहिलं गेलं आहे. मला छापखाना जास्त ओढतो.

मराठी बायबल तेव्हाही होतं. पण त्याची पंडिती भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही रमाबाईंची तक्रार. तक्रार करणारी स्वतः संस्कृतची पंडिता! चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला बसल्या. कान जवळजवळ गेले होते. छपाईचे खिळे जुळवायला, पानं छापायला मुक्तीतल्याच बाया. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. रमाबाईंनी भाषांतराचं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि पूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून.