पार्श्वभूमी : ‘टूरिंग’ या बिल्ल्याचा घोळ

कॅरेरा, टी, एस, जीटीएस, टर्बो, जीटी३, आणि जीटी३ मध्ये पुन्हा पंखवाली (मागे मोठा उभा पंख असलेली) की टूरिंग. पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स गाडी घ्यायचं ठरलं की आधी ही बाराखडी पाठ करावी लागते. मग तक्ते काढले जातात, अश्वशक्ती मोजली जाते, शून्य ते शंभरचे सेकंद मोजले जातात, आणि ‘एवढे जादा पैसे टाकून एवढंच?’ या प्रश्नावर गाडं अडतं. ते अडणारच, कारण ही अक्षरं गिऱ्हाइकाची निवड सोपी व्हावी म्हणून कधी बेतलेलीच नव्हती. काही शर्यतीच्या नियमपुस्तकातून आली, काही स्वस्त सुट्या भागांतून, काही निव्वळ जुन्या नावाच्या मोहातून. त्यातल्या टूरिंग या शब्दाने तर पन्नास वर्षांत कूसच बदलली आहे.

अमेरिकेत हाच धंदा वेगळ्या वाटेने वाढला. तिथली अक्षरं ऑर्डर फॉर्मवरून आली. १७ एप्रिल १९६४ ला फोर्ड मस्टँग बाजारात आली ती २,३६८ डॉलरच्या पायाभूत किमतीला, आणि तिच्यासोबत आली जादा साजाची लांबलचक यादी. गाडी स्वस्त, यादी महाग. त्याच सुमारास पाँटियाकला आपल्याच मूळ कंपनीचा नियम आडवा आला होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. मग ३८९ घनइंचांचं इंजिन ‘ऐच्छिक पॅकेज’ म्हणून कागदावर घुसवलं गेलं आणि त्याला नाव दिलं जीटीओ. हे नाव इटलीतल्या एका शर्यतीच्या गाडीचं. तिथे त्यातल्या ओ चा अर्थ होता शर्यतीसाठी प्रमाणित. पाँटियाकने कशासाठीच काही प्रमाणित केलं नव्हतं. शेवरोले कॅमारोचं झेड२८ हा तर सरळ ऑर्डरचा कोड. तो इतका गाजला की कोडच नाव झाला. आरएस म्हणजे कॅमारोत झाकलेले हेडलॅम्प आणि थोडी नटवानटवी, तर पोर्शेत आरएस म्हणजे शर्यत. दोन्हीकडची अक्षरं तीच असल्याने माणसं अजून फसतात.

आता ९११ कडे. १९६४ मध्ये ती आली तेव्हा इंजिन एकच, दोन लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. १९६६ मध्ये एस आली, १६० अश्वशक्तीची. पुढच्याच वर्षी खालच्या बाजूला एक पायरी जोडली गेली, ती टी. टी म्हणजे टूरिंग. अश्वशक्ती ११०, सिलिंडर बिडाचे, गिअर पाचऐवजी चार. ज्याला ९११ तर हवी पण एस परवडत नाही, त्याच्यासाठीची ही गाडी. म्हणजे या घराण्यात टूरिंगचा पहिला अर्थ ‘त्यातल्या त्यात स्वस्त’ असा होता. गंमत अशी की जानेवारी १९६८ मधली माँटे कार्लो रॅली जिंकली ती टी चा बिल्ला असलेल्या ९११ नेच. इंजिन अर्थात दुकानातलं नव्हतं, पण टी मध्ये साज कमी असल्याने नियमाच्या कागदावर तिचं वजन कमी धरलं जाई, आणि रॅलीवाल्यांना तेच हवं होतं. सगळ्यात खालच्या पायरीवरची गाडी सगळ्यात हलकी, हे सूत्र तेव्हाच कुणीतरी नीट लिहून ठेवलं असतं तर पुढचे बरेच वाद वाचले असते.

खरी गाठ बसली १९७२ मध्ये. पोर्शेच्या कारखान्याला गट ४ मध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या एका वर्गात, उतरायचं होतं आणि नियम होता की रस्त्यावर चालणाऱ्या तशाच ५०० गाड्या बनवायच्या. त्यातून कॅरेरा आरएस २.७ जन्माला आली: २१० अश्वशक्ती, मागे ती प्रसिद्ध बदकाची शेपटी, आणि वजनावर अक्षरशः कात्री. पत्रा पातळ, काच पातळ, मागच्या सीट काढल्या, गालिचा काढला, घड्याळ काढलं, हात टेकायच्या जागा काढल्या. दार आतून उघडायला साधी फीत. पुढच्या बॉनेटवरचा कंपनीचा बिल्लासुद्धा धातूचा न लावता चिकटवायची सोय होती. पाचशे माणसं हे असलं काही विकत घेतील यावर विक्री विभागाचा विश्वास नव्हता. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला गाडी दाखवली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत पाचशेच्या पाचशे खपल्या. बनत बनत आकडा १,५८० वर गेला. हजाराव्या गाडीनंतर तिला गट ३ मध्येही मान्यता मिळाली.

इथे जरा थांबून कारखान्याच्या अंगणात काय चाललं होतं ते पाहायला हवं, कारण आजच्या सगळ्या ट्रिमची, म्हणजे एकाच गाडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची, नाळ तिथे पुरलेली आहे. प्रमाणपत्रासाठी गाडीचं वजन ९६० किलो दाखवायचं होतं. म्हणून गाडी आधी पूर्ण उघडीबोडकी बनवायची, वजनकाट्यावर न्यायची, आकडा नोंदवून घ्यायचा, आणि मग तीच गाडी परत आत घेऊन गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे सजवायची. मागण्या मुख्यतः दोन. एम४७१ म्हणजे स्पोर्ट: ३४,००० जर्मन मार्कांच्या गाडीवर आणखी ७०० मार्क. एम४७२ म्हणजे टूरिंग: आणखी २,५०० मार्क, आणि त्या बदल्यात काट्यावर जे उतरवलेलं दाखवलं त्यातलं बहुतेक परत. सीट, गालिचा, घड्याळ, सगळं. वजन १,०७५ किलो. शंभरचा वेग गाठायला स्पोर्टला ५.८ सेकंद, टूरिंगला ६.३.

गिऱ्हाइकांनी काय निवडलं? १,३०८ जणांनी टूरिंग. स्पोर्ट जेमतेम २०० खपल्या. शर्यतीची गाडी हवी म्हणून रांग लावणाऱ्या दर पाच माणसांतल्या चौघांनी आत आल्यावर गालिचा मागितला. हे मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. गाडी रोज चालवायची होती आणि इंजिन दोन्हीत तेच होतं. पण पुढे संग्राहकांच्या बाजारात हिशेब उलटा झाला. तेव्हा ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं त्या दोनशे गाड्यांना आज टूरिंगच्या कितीतरी वरचा भाव आहे. एकूण काय, टूरिंगचा दुसरा अर्थ ठरला: इंजिन तेच, शेपटी तीच, आत माणसाने बसावं असं.

कॅरेरा या नावाचं काय झालं तेही ओझरतं सांगून टाकतो. मेक्सिकोतल्या एका जीवघेण्या रस्ता-शर्यतीवरून ते उचललेलं. १९५५ पासून ३५६ या ९११ च्या आधीच्या पोर्शेच्या चार कॅमशाफ्टवाल्या आवृत्तीला, मग आरएसला, म्हणजे नेहमी सर्वांत तिखट गाडीला. १९८४ च्या मॉडेलपासून मात्र साध्या ९११ चंच नाव कॅरेरा. वरचं नाव घसरत घसरत तळाशी आलं. टर्बोची तऱ्हा आणखी न्यारी. १९७४ मध्ये तो शब्द म्हणजे यंत्राचं वर्णन होतं: इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून त्यात जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर. २०१५ च्या शरदात साध्या कॅरेरालाही दोन टर्बोचार्जर बसले, तरी टर्बो ही वेगळी, वरची पायरी राहिली. २०१९ मध्ये तर विजेवर चालणाऱ्या टायकॅनलाही टर्बो म्हणून विकायला काढलं. त्या गाडीत धूर नाही, तर टर्बो फिरणार कशावर? शब्द यंत्रापासून सुटला की तो फक्त किमतीचा पट्टा सांगतो.

मग आलं २०१३. ९११ ची पन्नाशी, मार्चमधला जिनिव्हाचा मेळा, आणि नवी जीटी३. ३.८ लिटर, ४७५ अश्वशक्ती, इंजिन थेट ९,००० फेऱ्यांपर्यंत ओरडणारं. पण पायाशी पेडल दोनच. हाताने गिअर टाकायची सोय या पिढीत ठेवलीच नव्हती. फक्त पीडीके, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. बाजू मांडली गेली ती सरळ होती: जीटी३ ही ट्रॅकसाठीची गाडी, आणि ट्रॅकवर यंत्र माणसापेक्षा लवकर गिअर बदलतं. आकड्यांत हे खरंच होतं, त्याला कुणी खोटं ठरवू शकलं नाही. वाद आकड्यांचा नव्हताच. ही गाडी घेणारे पुष्कळ लोक ट्रॅकवर वर्षातून दोन-तीनदा जातात आणि उरलेले दिवस डोंगरातल्या रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरण्याच्या त्या एका क्षणासाठी गाडी बाहेर काढतात. त्यांना सेकंद नको होता, डावा पाय हवा होता. कारखान्याने गाडीचं काम काय हे स्वतःच ठरवलं आणि गिऱ्हाइकाला विचारायचं राहून गेलं, असं माझं मत. पीडीकेच्या बाजूचे लोक याला हळवेपणा म्हणतात. म्हणोत.

तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, ९११ आर आली. चार लिटर, ५०० अश्वशक्ती, सहा गिअरचं मॅन्युअल, १,३७० किलो, मागचा मोठा पंख नाही, आणि गाड्या मोजून ९९१. यातून दोन गोष्टी उघड झाल्या. एक, मागणी होती. दुसरी, मागणी असताना मोजून माल काढला की काय होतं ते. गाड्या हातात पडायच्या आत मूळ किमतीच्या कितीतरी पट बोली लागू लागल्या. चालवण्याच्या आनंदासाठी काढलेली गाडी बऱ्याच ठिकाणी गॅरेजात झाकून ठेवली गेली, हा त्यातला खरा विनोद.

त्याला उत्तर म्हणून म्हणा किंवा चूक दुरुस्त करायची म्हणून, मार्च २०१७ मध्ये सुधारित जीटी३ ला मॅन्युअल परत मिळालं, जादा पैसे न घेता. आणि सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला आलं जीटी३ चं टूरिंग पॅकेज. हा टूरिंगचा तिसरा अर्थ. यात इंजिन जीटी३ चंच, ५०० अश्वशक्ती. मागचा उभा पंख काढला आणि त्याजागी कॅरेराचा आपोआप वर येणारा स्पॉयलर बसवला. आत अल्कंटाराच्या (मखमलीसारख्या कृत्रिम कापडाच्या) जागी चामडं. फक्त मॅन्युअल. किंमत तीच.

१९७२ शेजारी ठेवून पाहा. तेव्हाच्या टूरिंगने शेपटी ठेवली आणि मागच्या सीट परत आणल्या. २०१७ च्या टूरिंगने पंख उतरवला आणि मागच्या सीट आणल्या नाहीत. तेव्हा टूरिंग म्हणजे अंगावर चढवलेला आराम, आता टूरिंग म्हणजे दिसण्यातला संयम: रस्त्यात कुणी वळून पाहू नये, पण इंजिन मात्र तेच असावं. म्हणून ‘टूरिंग म्हणजे मऊ जीटी३ का?’ असा प्रश्न वारंवार येतो. नाही. स्प्रिंग तेच, कडकपणा तोच. प्रवासाला सोयीची म्हणून कुणी ती निवडली तर पहिल्याच खड्ड्यात तिचं नाव विसरेल. वेगात मागचा भाग दाबून धरणारा पंख नाही, तेव्हा ट्रॅकवर जास्त जाणाऱ्याने पंखवालीच घ्यावी. बाकीच्यांसाठी हा निव्वळ डोळ्यांचा प्रश्न आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टी हे अक्षरही परत आलं. १९६७ च्या टी ची आठवण म्हणून कॅरेरा टी. इंजिन तळाच्या कॅरेराचंच, ३७० अश्वशक्तीचं. मागच्या काचा हलक्या, आवाज अडवणारं अस्तर कमी, दार उघडायला पुन्हा ती फीत, गिअरचा दांडा आखूड आणि त्यावरचा नकाशा लाल अक्षरांत. तशाच सजवलेल्या कॅरेरापेक्षा २० किलो कमी. मागची चाकं वळवण्याची सोय हवी असेल तर ती टी ला मिळे, कॅरेराला नाही. मूळ टी सगळ्यात स्वस्त होती. ही टी कॅरेरापेक्षा महाग. कमी देऊन जास्त घेतात, ही तक्रार तेव्हापासूनची. ती पूर्ण खरी नाही, कारण चेसिसमधला फरक हाताला लागतो. पण दाराच्या फितीचे पैसे मोजताना १९७२ ची फीत आठवते. ती वजनकाट्यासाठी होती. ही आठवणीसाठी आहे. एस ची जादा ५० अश्वशक्ती हवी की टी चा आखूड दांडा, हा प्रश्न त्यामुळेच तक्त्यात सुटत नाही. तक्त्यात फितीला रकाना नसतो.

२०२१ मध्ये पुढच्या पिढीच्या जीटी३ टूरिंगला पीडीकेही मिळू लागला. म्हणजे ज्या गोष्टीच्या अभावावरून २०१७ ची टूरिंग ओळखली जात होती ती ओळखही गेली आणि उरला फक्त पंखाचा अभाव. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारणेत वजन आणखी कापणारं पॅकेज टूरिंगसाठी आलं. आणि त्याच टूरिंगच्या यादीत, जीटी३ मध्ये प्रथमच, मागच्या सीटही मागवता येऊ लागल्या.